अक्काच्या मार्फत

सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसते, हेडफोन लावते आणि खाली सभागृहाकडं बघते. अर्धगोलात मांडलेली बाकं, लाल गालिचा, समोर उंचावर सभापतींची खुर्ची. देशाच्या वरिष्ठ सभागृहात मी दुभाषी आहे. कुणी सदस्य मराठीत बोलायला उभे राहिले की त्यांचं बोलणं त्याच क्षणी हिंदीत करून माइकमध्ये सांगायचं, हे माझं काम. शेजारच्या केबिनमधल्या बाई माझी हिंदी ऐकून ती इंग्रजीत नेतात. म्हणजे मी सांडलं तर त्यांच्याही ओंजळीत तेवढं कमी पडतं.

या नोकरीत पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जातो. 'ते म्हणतात की' असं कधीही म्हणायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्यामुळं मी सकाळी विरोधी बाकावरून सरकारची खरडपट्टी काढते आणि दुपारी सरकारी बाकावरून त्याच खरडपट्टीला उत्तर देते, दोन्ही सारख्याच तळमळीनं. माझं स्वतःचं मत काय, हे त्या केबिनमध्ये आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर पुष्कळ सांगण्यासारखं होतं.

माइकशेजारी एक छोटं बटण असतं. खोकला, शिंक, ठसका आला की ते दाबायचं, तेवढ्यापुरता आपला आवाज बंद होतो. आम्ही त्याला खोकल्याचं बटण म्हणतो. हसू आवरेना झालं तरी तेच दाबायचं. माझ्या केबिनमधल्या बटणाचा रंग उडाला आहे, यावरून काय ते समजावं.

लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात माझे वडील, म्हणजे आबा, अधिवेशन सुरू असलं की बरोबर अकराला टीव्हीपुढं बसतात. मी दिसत नाही आणि टीव्हीवर माझा आवाजही येत नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं आहे. तरी बसतात. "काचंमागं हायेस ना? मग झालं की," म्हणतात. कामकाजाची सुरुवात कागदपत्रांनी होते. एकेक मंत्री उठतात, आपल्या नावासमोरची कागदपत्रं पटलावर ठेवतो असं म्हणतात आणि खाली बसतात. आबांनी पहिल्या आठवड्यातच फोन केला होता. "आगं, ठेवतो म्हणायलेत समदी, पर ठेवलेला कागद काय दिसंना." मी म्हणाले, ठेवतो म्हटलं की ठेवला असं धरायचं. आबांना ते अजून पटलेलं नाही.

त्यानंतर शून्य प्रहर. तीन मिनिटं बोलायची मुभा, तिसरं मिनिट संपलं की माइक आपोआप बंद. माणूस बोलतच असतो, ओठ हलत असतात, आवाज येत नाही. मग बाराला प्रश्नोत्तराचा तास. मग कुणीतरी चिडतं, कुणीतरी कागद फाडतं, पाच-पंचवीस जण खुर्च्या सोडून सभापतींच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरतात आणि कामकाज दोन वाजेपर्यंत तहकूब होतं. पुष्कळांना हे बघून वैताग येतो. मला मात्र त्या सभागृहाची माया आहे. चार वाजता एखाद्या रुक्ष विधेयकावर, अर्धी बाकं रिकामी असताना, कुणीतरी म्हातारे सदस्य चष्मा पुसत कलम सातमधल्या एका शब्दावर हरकत घेतात, आणि समोरचे मंत्री खरोखर तो शब्द बदलायला तयार होतात. असं वर्षातून दोनदा होतं. पण होतं.

मात्र तिथला एक नियम सगळ्या नवीन सदस्यांना जड जातो. एकमेकांशी थेट बोलायचं नाही. समोरचा माणूस सहा हातांवर बसलेला असला तरी 'तुम्ही' म्हणायचं नाही. सभापतींकडं बघायचं आणि म्हणायचं, 'महोदय, माननीय सदस्यांना माझं सांगणं आहे.' नवीन माणूस हटकून चुकतो. रागाच्या भरात समोरच्याकडं बोट करतो, मग सभापती म्हणतात, इकडं बघून बोला.

मला हा नियम शिकवावा लागला नाही. मी तो घरून शिकून आले होते.

आबा आणि काका सख्खे भाऊ. आबा थोरले. वाटण्या झाल्या तशी दोघांची घरं समोरासमोर आली, मधे एकच अंगण राहिलं. त्या अंगणात दोघांच्या थोरल्या बहिणीची, माझ्या आत्याची, निळी प्लास्टिकची खुर्ची. दोघंही तिला अक्का म्हणतात. आत्या फार लवकर एकटी पडली आणि माहेरी आली. सकाळचं जेवण काकांकडं, संध्याकाळचं आमच्याकडं, दिवसभर खुर्चीत. या घरात आबांचं आणि काकांचं थेट बोलणं वीस-बावीस वर्षं बंद होतं. जे काही बोलायचं ते अक्काच्या मार्फत.

कारण बांधाचं. ओढ्याकाठच्या शेताचे दोन भाग झाले, मधे मातीचा बांध घातला. पुढं काकांना वाटायला लागलं की दरसाल आबांचा नांगर बांधाला लागून जरा जास्तच जातो आणि बांध काकांच्या बाजूला सरकतो. आबा म्हणायचे, उगाच आहे. एका संध्याकाळी पारावर दहा माणसांत काका त्यांना म्हणाले, "बांधकोऱ्या." दुसऱ्याचा बांध कोरून खाणारा. आमच्याकडं याच्याइतकी मोठी शिवी नाही, कारण बाकीच्या शिव्यांमध्ये राग असतो, हिच्यात आरोप आहे. आबा काही न बोलता घरी आले आणि अंगणात उभं राहून म्हणाले, "अक्का, त्याला सांगा, आजपासनं माझं त्याचं बोलणं न्हाय." आत्यानं ते काकांना सांगितलं. तो तिनं पोचवलेला पहिला निरोप.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पूर्णपणे आबांच्या बाजूची होते. माझा बाप असं करणार नाही, एवढं मला पुरत होतं.

पण माणसं एका अंगणात राहिली की बोलल्याशिवाय भागत नाही. काका चुलीला लागणारी लाकडं फोडत असायचे, चार हातांवर आबा दाढी करत असायचे. काका म्हणायचे, "अक्का, त्यांना सांगा, बोअरची मोटार चालू राहिली."

आबा आरशात बघत म्हणायचे, "अक्का, त्याला सांगा, मला बी कान हायेत."

"आयकलंस का?" आत्या काकांना विचारायची.

"आयकलं."

दोघं एकदम बोलायला लागले की ती म्हणायची, "एकेकानं बोला, न्हायतर मी उठते." ती उठली की त्या दिवसाचं बोलणं संपलं. खुर्ची रिकामी असताना कुणी कुणाला काही सांगायचं नाही, हे दोघांनी कधी न ठरवताच पाळलं होतं. आणि इतकं भांडण होऊन काकांनी आबांना कधी 'त्याला' म्हटलं नाही. कायम 'त्यांना'. दिल्लीत 'माननीय सदस्य' म्हणून मग सुरी चालवतात, ते ऐकताना मला काका आठवायचे.

गेल्या पावसाळ्यात, अधिवेशन चालू असतानाच, आमच्या भागात भयंकर पाऊस झाला. ओढा पात्र सोडून शेतात शिरला आणि तो बांध घेऊन गेला. बांधावरची बाभूळ तेवढी वरच्या टोकाला उभी राहिली. खालच्या टोकाचा खुणेचा दगड कुठं गेला ते ओढ्यालाच ठाऊक. सकाळी दहाला, मी सभागृहाकडं निघाले असताना, आत्याचा फोन आला.

"बांध गेला गं समदा. आता सोयाबीन निघालं की ज्वारी पेरायची. ट्रॅक्टर कुठवर हाणायचा, ते दोघांनी मिळून सांगाया पायजे. अन् दोघं तर माझ्याकडं बघायलेत. मला काय ठावं बांध कुठं व्हता? म्या काय नांगर धरलाय का कधी?"

मी म्हणाले, दुपारी फोन करते, आत्या. डोक्यात तो बांध घेऊनच केबिनमध्ये गेले.

त्या दिवशी शून्य प्रहरात मराठवाड्यातले एक ज्येष्ठ सदस्य मराठीत बोलणार होते. उभे राहिले, चष्मा वर केला आणि शांतपणे सुरू झाले. महोदय, आमच्याकडं अतिवृष्टी झाली. उभी पिकं गेली, माती खरडून गेली. ओढ्याकाठचे शेकडो बांध फुटले.

माझ्या तोंडून हिंदीत निघालं, "सैकड़ों बाँध टूट गए."

शब्द तोच होता, म्हणून तो तसाच पुढं गेला. आपला बांध शेताचा, गुडघ्याएवढा. हिंदीतला बाँध म्हणजे धरण. मला हे माहीत नव्हतं असं नाही. नवशिक्या दुभाष्यांना शिकवताना हाच शब्द मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. शेताच्या बांधाला हिंदीत मेड़ म्हणायचं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण त्या सकाळी तो शब्द दुसऱ्या कुणाचा नव्हता, आमच्या घरचा होता, आणि घरचा शब्द भाषांतर करायचं लक्षातच आलं नाही.

शेजारच्या बाईंनी तो प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला. शेकडो धरणं. खाली मंत्रिमहोदय काहीतरी वाचत होते, त्यांनी मान वर केली आणि कानातलं यंत्र घट्ट दाबलं. मागच्या बाजूला बसलेला एक अधिकारी घाईघाईनं बाहेर गेला. सदस्य मात्र आपल्या लयीत बोलत होते. बांध फुटला की एकाचं रान कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हेच कळत नाही, महोदय. इथं मला माझी चूक कळली, आणि इथंच तीन मिनिटं संपून त्यांचा माइक बंद झाला.

मंत्री उठले. महोदय, माननीय सदस्यांनी अत्यंत गंभीर माहिती दिली आहे, परंतु माझ्याकडं एकही धरण फुटल्याची खबर नाही. कोणती धरणं, ते कळावं.

सभापतींनी सदस्यांना पुन्हा बोलू दिलं. ते बिचारे गोंधळून इकडंतिकडं बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "धरण न्हाय महोदय, बांध. शेताचा बांध. एवढा असतो." आणि त्यांनी हात गुडघ्यापाशी नेला.

हेही हिंदीत मलाच सांगायचं होतं. आणि नियमाप्रमाणं त्यांच्या तोंडानंच सांगायचं होतं. "बाँध नहीं महोदय, मेड़. खेत की मेड़." सगळं सभागृह हसलं. दोन्ही बाजू एकदम हसण्याचे प्रसंग आमच्याकडं फार कमी येतात, आणि हा माझ्या मूर्खपणानं आला होता. मी बटण दाबून बसले. त्या वेळी मला ना खोकला आला होता ना हसू.

दुपारच्या सुट्टीत मी लेखी कबुली दिली, माझ्या हिंदीतला बाँध हा मेड़ असा वाचावा. त्यावर कुणी फार बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तेवढ्यात आबांचा फोन.

"काय गं, कशाला हसले ती समदी? आपला माणूस चांगलं बोलायला व्हता की."

मी सांगितलं. आबा, मी बांधाचं धरण केलं.

पलीकडं आबा हसायला लागले. असं हसणं मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं, सांगता येत नाही. "अक्का, आयकलंत का? आपल्या पोरीनं दिल्लीत बांधाचं धरण बांधलं." मागं आत्याचं हसणं ऐकू आलं आणि आणखी एक हसणं ऐकू आलं, ते काकांचं होतं. अंगणात तिघं हसत होते आणि मी दिल्लीच्या व्हरांड्यात फोन कानाला घट्ट लावून ऐकत होते. मला वाटलं, मिटलं. माझ्या फजितीनं का होईना, मिटलं.

मग काकांचा आवाज आला. "अक्का, त्यांना सांगा, पोरीचं काय चुकलं न्हाय. दरसाल आमच्याकडं सरकत आलेला बांध, त्याला धरणच म्हणावं लागंल."

त्यांना टोमणा मारायचा होता की नुसती गंमत करायची होती, मला आजही माहीत नाही. पण हसणं बंद पडलं. आबा म्हणाले, "अक्का, त्याला सांगा, आता सरकारी मोजणीच बोलंल. उद्या लोहाऱ्याला जाऊन अर्ज देतो." फोन आत्याच्या हातात आला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे ती उठली होती.

घरात गेल्यावर ती हळू आवाजात बोलली. "मोजणी आली तर कागदावर मिटंल गं. मग ह्यांचं जे काय उरलंय माझ्या तोंडानं, त्ये बी बंद व्हईल. म्या किती दिस पुरणार? उद्या मी गेले अन् दोघं दोन अंगानं माझ्या तिरडीला खांदा द्यायला आले, तर 'जरा हळू चल' हे एकमेकाला सांगणार कुणाच्या मार्फत?"

त्याच रात्री तिनं आबांकडून एवढं कबूल करून घेतलं की सोयाबीन निघेपर्यंत अर्ज द्यायचा नाही. मी म्हणाले, तोवर येते.

अधिवेशन संपलं. दसऱ्याच्या आसपास रजा काढून सोलापूरपर्यंत रेल्वेनं, तिथून एसटीनं आणि पुढं जीपमध्ये सात जणांच्या जागी अकरा बसून मी गावी पोचले. दोन दिवसांनी सोयाबीनची कापणी संपली. त्या दुपारी चहाला सगळे अंगणात होते. आबा त्यांच्या पायरीवर, काका त्यांच्या, आत्या मधे, मी तिच्या पायाशी पोत्यावर.

आत्यानं विचारलं, "मग ते तुझं धरण, त्ये सरकारच्या कागदावर तसंच राहिलं का?"

"नाही, दुरुस्त केलं. आमच्याकडं चूक दुरुस्त करता येते. आणि कुणी कुणाला वाईट बोललं तर सभापती तो शब्द काढूनच टाकायला लावतात. छापताना तिथं नुसत्या चांदण्यांच्या खुणा टाकतात. शब्द कुठंच राहत नाही."

काका सोयाबीनच्या शेंगा बघत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अक्का, तिला इचारा, शब्द खरा असला तरी काढतेत का?"

बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी पुतणीलाही बहिणीच्या मार्फत विचारलं. मी म्हणाले, "काढतात, काका. खरं-खोटं बघतच नाहीत. सभागृहात शोभत नाही, एवढंच बघतात. समोरचा डोळ्यांदेखत खोटं बोलत असला तरी त्याला खोटारडा म्हणता येत नाही."

आबा चहाच्या कपाकडं बघत होते.

"अन् लई जुना शब्द असला तर? लई वर्सांचा?" काकांनी विचारलं.

मला नियम ठाऊक होता. शब्द तिथल्या तिथं काढायचा असतो, वर्षांनंतर कुणी विचारत नाही. तेच सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं हात वर केला. "तू थांब. हितली खुर्ची माझी हाय." मग काकांकडं वळली. "कुठला शब्द?"

"तुमाला ठावं हाय, अक्का."

"मला ठावं हाय. पर काढा म्हणणाराच न्हाय तर म्या कसा काढू?"

काकांनी शेंगा खाली ठेवल्या. "म्या काढा म्हणतोय. पारावर बोललो व्हतो त्यो. परत घेतला."

"काढला," आत्या म्हणाली. "त्यो शब्द कुणी बोललाच न्हाय."

आबा उठले आणि आत गेले. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आले नाहीत. काका बराच वेळ बसून होते. शेवटी तेही गेले. चहाचे कप मी उचलले. आबांचा मला राग आला होता. लहान भावानं एवढं केलं, तर एक शब्द बोलायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दोरीचं वेटोळं, दोन खुंट्या आणि फावडं घेऊन अंगणात उभे. "अक्का, त्याला सांगा, मी रानाकडं निघालोय. यायचं तर यावं." काका आधीच चपला घालून तयार होते. आत्या म्हणाली, मीही येणार. मग निळी खुर्ची मी डोक्यावर घेतली. वाटेत भेटलेल्या एकानं विचारलं, सभा हाय का कुठं? आत्या म्हणाली, व्हय.

रान सपाट पडलं होतं. कुणाचं कुठं संपतं, खरंच कळत नव्हतं. सदस्य बोलले होते ते अक्षरशः तसंच होतं. वरच्या टोकाला बाभूळ होती, तिथं काका दोरीचं एक टोक धरून उभे राहिले. आबा दुसरं टोक घेऊन खाली ओढ्याकडं आले. तिथंच करंजाच्या सावलीत मी आत्याची खुर्ची टेकवली. तिला अलीकडं जरा कमी ऐकू येतं.

आबांनी इकडंतिकडं बघितलं, पायानं माती दाबली. मग दोन पावलं आपल्याच रानात आत आले आणि तिथं खुंटी ठोकली. वरून काकांनी दोरी बघितली आणि ओरडून म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा, बांध तिथं नव्हता. अलीकडं, माझ्याकडच्या अंगाला व्हता."

आबा आत्याकडं वळले. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले, त्यामुळं काकांनाही गेलंच असेल. "अक्का, त्याला सांगा, त्यो तिकडं म्याच नेला व्हता. दोन-तीन साल नांगराची एकेक सरी जास्त घेतली. असंल दोन पावलं. मूळचा बांध हितं व्हता."

इतकी वर्षं मी या माणसाच्या बाजूनं भांडले होते. कॉलेजात असताना काकांच्या पाया पडायचंही सोडलं होतं. आणि तो शब्द खरा होता. आबांनाही तो खरा असल्याचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त तो शब्द तिथं उभा असेपर्यंत त्यांना ते कबूल करता येत नव्हतं. काल तो काढला, तेव्हा कुठं तोंड मोकळं झालं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उन्हात फावड्यावर हात टेकून, बहिणीकडं तोंड करून उभा असलेला तो म्हातारा माणूस मला फार आपला वाटला.

काकांनी हातातली दोरी सोडली. सऱ्यांवरून, ढेकळांतून चालत खाली आले. आमच्याकडं बघितलंच नाही. आबांसमोर वाकले, खुंटी उपटली, दोन पावलं आपल्या रानात गेले, जिथं बांध गेल्या पावसापर्यंत होता तिथं ती टेकवली आणि हळू आवाजात काहीतरी बोलले.

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाला गं त्यो?"

माझं आयुष्य याच कामात गेलं. बोलणाऱ्याचं ऐकायचं आणि त्याच्याच तोंडानं पुढं सांगायचं. मी तोंड उघडलं. हात आपोआप बटण शोधायला लागला, आणि हाताला खुर्चीचा दांडा लागला.

"अगं, काय म्हणाला?"

"राहू द्या, दादा," मी म्हणाले.

"मग? 'अक्का, त्यांना सांगा' म्हणाला का?"

"नाही, आत्या. त्यांनाच म्हणाले."

आत्या दोघांकडं बघत राहिली. आबा खुंटीवर फावड्याचा पाठीमागचा भाग मारत होते आणि काका ती सरळ धरून, माझं बोट सांभाळा म्हणत होते. बऱ्याच वेळानं आत्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"मग मी उठते," ती म्हणाली, आणि खुर्ची घरी न्यायला मला सांगितलं.